सोळाशे मीटरच्या पुढे

विशीतल्या मुलाचा बीपी आपल्याकडे सहसा कोणी मोजत नाही. असंसर्गजन्य आजारांची सरकारी तपासणी तिशीपासून सुरू होते. आशाताई घरोघरी जाऊन जो फॉर्म भरतात तोही तिशीच्या पुढच्यांचा. त्यामुळे यवतमाळ, पुसद, वणी किंवा घाटंजीतल्या बावीस वर्षांच्या मुलाच्या दंडाला पहिल्यांदा पट्टा बांधला जातो तो बहुतेक वेळा रक्तदान शिबिरात किंवा नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत, आणि मुलीच्या दंडाला गरोदरपणात. तेव्हा वरचा आकडा १३४ किंवा १३८ निघाला तर डॉक्टर म्हणतात, “अजून गोळी नको, रोज चालत जा, बीपी खाली येईल.” सल्ला योग्यच आहे. पण बीपी किती खाली येतो, कोणाचा येतो आणि किती दिवस खाली राहतो, याची उत्तरे सल्ल्याइतकी सरळ नाहीत. यावर जगभर शेकडो प्रयोग झाले आहेत. त्यांतले बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या माणसांवरचे. तरुणांवरचे मोजकेच, आणि त्यांतून जे निघाले ते आपल्या जिल्ह्याने नीट समजून घ्यावे असे आहे.

आधी बसून राहणाऱ्यांविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाने २०१४ मध्ये महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड इथल्या लोकांच्या हालचालींचा हिशेब मांडला. ५४ टक्के माणसे निष्क्रिय निघाली. शहरांत ६५ टक्के, खेड्यांत ५०. मला यातला खेड्याचा आकडा जास्त अस्वस्थ करतो. फावल्या वेळात खेळणारे किंवा व्यायाम करणारे दहा टक्केही नव्हते. पुढे २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी जे अंदाज दिले, त्यांत पुरेशी हालचाल न करणाऱ्या प्रौढ भारतीयांचे प्रमाण २००० सालच्या २२ टक्क्यांवरून २०२२ मध्ये ४९ टक्क्यांवर गेलेले दिसते. स्त्रियांमध्ये ते ५७ टक्के आहे.

हे कसे घडले ते आपल्या डोळ्यांसमोर आहे. वावरात जायला मोटारसायकल आली. निंदणाच्या जागी तणनाशकाची फवारणी आली, सोयाबीन काढायला यंत्र आले. शिकलेली मुले तालुक्याच्या अभ्यासिकेत बसू लागली. सकाळी आठला खुर्चीत बसलेला मुलगा रात्री नऊला उठतो, आणि मधली हालचाल म्हणजे टपरीपर्यंत जाऊन चहा घेणे, फार तर तंबाखूचा खर्रा घोटून घेणे. या मुलाला आळशी म्हणणे अन्यायाचे होईल. तो दिवसभर कष्टच करतो, फक्त त्या कष्टात त्याचे पाय कुठेच नसतात. शिवाय तो काटकुळा असतो, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक गेली अनेक वर्षे सांगत आले आहेत की भारतीय शरीर दिसायला बारीक असले तरी आत चरबी तुलनेने जास्त बाळगते, आणि ही प्रवृत्ती जन्मापासूनची असते. बारीक अंगकाठी ही बीपी नसल्याची खूण मानता येत नाही.

आता व्यायामाकडे. एकदाच केलेला व्यायाम आणि महिनोन्महिने केलेला व्यायाम यांचे बीपीवरचे परिणाम वेगळे आहेत, आणि वर्तमानपत्री लेखांत त्यांची नेहमी सरमिसळ होते.

एकदाच्या व्यायामाचा परिणाम एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकातच पाहायला मिळतो. एक विद्यार्थी पायरीवर चढउतार करतो किंवा सायकल मारतो, दुसरा त्याचा बीपी घेतो. वरचा आकडा १२० वरून १६०-१८० पर्यंत चढतो, कारण हृदय जास्त रक्त फेकत असते. खालचा जवळपास जागेवर राहतो किंवा थोडा उतरतो, कारण काम करणाऱ्या स्नायूंतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. खरी गंमत थांबल्यानंतरची. काही मिनिटांत बीपी मूळ पातळीवर येतो आणि तिथे न थांबता तिच्याही खाली जातो. लंडनमध्ये लेनर्ड हिल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारशे यार्ड धावल्यानंतरची ही घट नोंदवून ठेवली होती. स्नायूंत हिस्टामिन सुटते, त्याने रक्तवाहिन्या बराच वेळ सैल राहतात. शिवाय बीपीवर लक्ष ठेवणारी मज्जासंस्थाही काही काळ खालच्या पातळीवर समाधान मानते. ज्याचा बीपी मुळात चांगला आहे त्याच्यात ही घट थोडी आणि तास-दोन तासांची असते. ज्याचा वाढलेला आहे त्याच्यात ती मोठी असते आणि दिवसभरही टिकू शकते.

म्हणजे आज अर्धा तास चाललेल्या माणसाला आजचा फायदा आजच मिळतो. रोज चालणाऱ्याचा रोजचा दिवस थोड्या कमी दाबाखाली जातो. ही साधी गोष्ट रुग्णाला कोणी सांगत नाही. सांगितली तर तो तीन महिन्यांनंतरच्या आकड्याची वाट बघत बसणार नाही.

बऱ्याच आठवड्यांच्या व्यायामाचे हिशेब बेल्जियमच्या व्हेरोनिक कॉर्नेलिसन यांनी मोठ्या चिकाटीने मांडले. नील स्मार्ट यांच्यासह २०१३ मध्ये त्यांनी ९३ प्रयोग एकत्र करून पाहिले. चालणे, धावणे, सायकल अशा दमश्वासाच्या व्यायामाने ज्यांना आधीच उच्च रक्तदाब होता त्यांचा वरचा आकडा पाऱ्याच्या मापाने सरासरी ८ मिमी उतरला. जे उच्च रक्तदाबाच्या काठावर होते त्यांचा ४ मिमी. आणि ज्यांचा बीपी सामान्य होता त्यांचा एक मिमीसुद्धा उतरला नाही. तो पाऊण मिमीचा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. अभ्यासिकेतल्या ११४/७२ वाल्या मुलाने तीन महिने चालून पुन्हा बीपी मोजला आणि तो ११४ च निघाला, तर त्याचा व्यायाम फुकट गेला असे नाही. उतरायला तिथे जागाच नव्हती.

खाली येण्यामागचे कारणही याच गटाने २००५ मध्ये दाखवले होते. नियमित व्यायामाने रक्तवाहिन्यांचा विरोध सुमारे ७ टक्के घटला, रक्तातले नॉरअॅड्रेनलिन २९ टक्के आणि रेनिनची क्रिया २० टक्के घटली. साध्या भाषेत, शरीराला सतत सावध ठेवणारी यंत्रणा शांत झाली आणि मूत्रपिंडाकडून बीपी चढवण्याचा निरोप कमी जाऊ लागला. रक्तवाहिनीचे अस्तरही वेगाने वाहणाऱ्या रक्ताच्या घर्षणाने नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवायला शिकते. रक्तवाहिन्या सैल करणारा संदेशवाहक म्हणून या रेणूची भूमिका ओळखणाऱ्या शोधाला १९९८ चे नोबेल मिळाले आहे.

तरुणांपुरता प्रश्न मात्र इथून अवघड होतो. ऑक्सफर्डच्या विल्बी विल्यमसन यांनी २०१६ मध्ये १८ ते ४० वयोगटातले प्रयोग वेगळे काढले. १४ प्रयोग, साडेतीन हजारांहून जास्त माणसे. तीन ते सहा महिन्यांनी वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे चार मिमीच्या थोडे वर उतरलेले होते. बारा महिन्यांनी पाहिले तर घट जेमतेम एक मिमी उरली होती, म्हणजे जवळजवळ नाहीच. त्यानंतर याच गटाने १८ ते ३५ वयाचे, बीपी काठावर असलेले दोनशे तरुण घेऊन सोळा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करवला आणि बीपी चोवीस तास मोजणाऱ्या यंत्राने पाहिला. २०२२ मध्ये निकाल आला: सगळ्या गटाचा एकत्र विचार करता बीपीत लक्षणीय फरक नाही.

हा निकाल बाजूला सारून ‘व्यायामाने बीपी कमी होतो’ एवढेच लिहिणे मला वाचकांची फसवणूक वाटते. त्याचा अर्थ व्यायाम निरुपयोगी असाही होत नाही. चोवीस तासांचे यंत्र हे दवाखान्यातल्या एका मोजमापापेक्षा कितीतरी कठोर परीक्षक आहे. दवाखान्यात पहिल्या खेपेला घाबरून चढलेला आकडा दुसऱ्या खेपेला आपोआप उतरतो आणि त्याचे श्रेय व्यायामाला दिले जाते. आपल्याकडे तर आणखी एक सापळा आहे. बीपी थंडीत चढतो आणि उन्हाळ्यात उतरतो. वरच्या आकड्यात पाच मिमीपर्यंतचा फरक नुसत्या ऋतूने पडू शकतो. जानेवारीच्या थंडीत विद्यार्थ्यांचा बीपी मोजला, त्यांना बारा आठवडे चालायला लावले आणि एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडत असताना पुन्हा मोजला, तर जे चालले नाहीत त्यांचाही बीपी उतरलेला दिसेल. तुलनेसाठी न चालणारा गट न ठेवता केलेला असा अभ्यास यवतमाळच्या उन्हाचे मोजमाप करील, व्यायामाचे नाही.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की मला एकच गोष्ट ठळक दिसते. तरुणांत व्यायामाचा परिणाम होतो, लवकर होतो, आणि व्यायाम थांबला की तो काही आठवड्यांत निघूनही जातो. प्रश्न शरीराचा कमी आणि दुसऱ्या वर्षाचा जास्त आहे.

हे समजायला यवतमाळकरांना ऑक्सफर्डला जायची गरज नाही. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पाहावीत. पहाटे पाचला मैदानावर, डांबरी रस्त्यावर, कुठे कॅनॉलच्या कडेने मुले धावताना दिसतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे पन्नास गुण. सोळाशे मीटर पाच मिनिटांच्या आसपास धावणे हा मध्यम व्यायाम नव्हे, तो चांगलाच तीव्र. दोन-तीन वर्षे ही मुले जिल्ह्यातली सर्वांत दमदार मुले असतात. मग काहींची निवड होते, बहुतेकांची होत नाही, वयाची मर्यादा उलटते, आणि धावणे एका दिवसात बंद पडते. कोणी दुकानाच्या गल्ल्यावर बसतो, कोणी ऑटो चालवतो, कोणी कंत्राटी नोकरीत खुर्चीला लागतो. भूक मात्र धावण्याच्या दिवसांतलीच राहते. तीन वर्षांत वजन दहा-बारा किलोंनी वाढते, आणि वरचा आकडा कोणी न मोजता चढत राहतो. त्यांना कोणी असे सांगितलेले नसते की सोळाशे मीटर वेळेत मारण्याची गरज संपली तरी रोजच्या अर्ध्या तासाची गरज संपलेली नाही. प्रशिक्षण देणाऱ्या अकादम्यांनी शेवटच्या दिवशी एवढे सांगितले तरी फार मोठे काम होईल.

टिकलेल्या व्यायामाचे फळ काय, याचा सर्वांत चांगला पुरावा अमेरिकेतल्या ‘कार्डिया’ अभ्यासाचा. १९८५-८६ मध्ये चार शहरांतल्या १८ ते ३० वयाच्या पाच हजारांहून जास्त तरुणांना त्यात घेतले आणि तीस वर्षे त्यांचा माग ठेवला. तरुणपणी आठवड्याला किमान पाच तास मध्यम व्यायाम करणाऱ्यांत उच्च रक्तदाब होण्याचे प्रमाण १८ टक्क्यांनी कमी होते, आणि ज्यांनी ही सवय साठीपर्यंत नेली त्यांच्यात आणखी कमी. पाच तास हे नेहमी सांगितल्या जाणाऱ्या दीडशे मिनिटांच्या दुप्पट आहेत, हे लक्षात घ्यावे. हालचाल सर्वांत वेगाने घटते तीही कॉलेज सुटल्यापासून चाळिशीपर्यंत, असेच या अभ्यासात दिसले. वयाबरोबर बीपी वाढायचाच, हेही खरे नाही. जगभरच्या ५२ ठिकाणी झालेल्या आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ अभ्यासात अॅमेझॉनच्या जंगलातल्या यानोमामी लोकांचा सरासरी बीपी ९६/६१ होता आणि तो वयानुसार चढत नव्हता. ते मीठ जवळजवळ खातच नाहीत. ठेचा, लोणचे, शेव आणि पापड यांचा हिशेब न ठेवता नुसत्या चालण्यावर भिस्त ठेवू नये, ती एवढ्यासाठी.

आणि तरुणांत दिसलेल्या त्या चार मिमीने होते काय? दहा लाख प्रौढांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या विश्लेषणानुसार वरचा आकडा कायम दोन मिमी कमी राहिला तरी मध्यमवयात पक्षाघाताने होणारे मृत्यू सुमारे दहा टक्क्यांनी घटतात. एकट्या माणसाला चार मिमी जाणवणारही नाहीत. तालुक्यातल्या सगळ्या तरुणांचा बीपी चार मिमी कमी राहिला तर वीस वर्षांनी दवाखान्यातल्या खाटांना ते जाणवेल.

शेतात राबणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवले की दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरना बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरपेक्षा हृदयविकार कमी होतो. तेव्हापासून कष्टाचे काम म्हणजेच व्यायाम असे सगळे धरून चालले. कोपनहेगनचे आंद्रेआस होल्टरमन यांनी अलीकडे याला मोठी दुरुस्ती सुचवली. फावल्या वेळातली हालचाल हृदयाला जपते, पण तासन्‌तास चालणारे, मध्ये विसावा नसलेले जड काम तसे जपत नाही. त्यात चोवीस तासांतला सरासरी बीपी चढलेलाच राहतो. कापूस वेचताना दिवसभर वाकून राहणारी, ओझे डोक्यावर घेऊन घरी येणारी आणि आल्यावर चुलीपुढे बसणारी बाई ‘सक्रिय’ गटात मोजली जाते. तिला चालण्याचा सल्ला देणे म्हणजे तिचा दिवसच न पाहणे. तिला विसावा, पुरेसे पाणी आणि बीपी मोजणारे कोणीतरी हवे.

कोणता व्यायाम, यावर सध्या वादाला नवे तोंड फुटले आहे. इंग्लंडमधल्या कँटरबरी ख्राइस्ट चर्च विद्यापीठाच्या जेमी ओ’ड्रिस्कॉल आणि जेमी एडवर्ड्स यांनी २०२३ मध्ये २७० प्रयोग एकत्र केले. दमश्वासाच्या व्यायामाने वरचा आकडा साडेचार मिमी उतरला, वजने उचलण्यानेही तितकाच, दोन्ही मिळून सहा. आणि स्नायू आवळून एकाच स्थितीत धरून ठेवण्याच्या व्यायामाने आठ मिमीहून जास्त. भिंतीला पाठ टेकवून, गुडघे वाकवून, अदृश्य खुर्चीत बसल्यासारखे दोन मिनिटे थांबायचे. मध्ये दोन मिनिटे विसावा. असे चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. खोलीवर राहणाऱ्या मुला-मुलींना याला मैदान लागत नाही, पैसे लागत नाहीत, मेमधले ऊन आडवे येत नाही. तरी या प्रकारावरचे प्रयोग संख्येने कमी आणि आकाराने लहान आहेत. चालणे सोडून फक्त भिंतीला टेकावे असा निष्कर्ष मी काढणार नाही.

जिमबद्दल एक इशारा द्यायलाच हवा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ मध्ये शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून बीपी मोजला, तेव्हा दोन्ही पायांनी जास्तीत जास्त वजन ढकलताना तो सरासरी ३२०/२५० पर्यंत गेला होता. श्वास कोंडून जोर लावल्याचा हा परिणाम. निरोगी तरुण हे क्षणभर सोसतो. पण ज्याने कधी बीपी मोजलेलाच नाही, त्याने पहिल्याच महिन्यात श्वास रोखून जड वजन उचलू नये. जोर लावताना श्वास सोडावा. आणि गोटीदार दंडासाठी मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शने तर बीपी चढवतातच.

मध्यम म्हणजे किती, यासाठी घड्याळ लागत नाही. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. वीस वर्षांच्या मुलासाठी नाडीचा ठोका मिनिटाला साधारण १३० ते १५० च्या मध्ये असतो. पावले मिनिटाला शंभर किंवा जास्त. सलग अर्धा तास मिळत नसेल तर तुकडे चालतात. अॅरिझोनामध्ये २०१२ साली विशीतल्या, काठावर बीपी असलेल्या तरुणांवर एक लहानसा प्रयोग झाला. त्यात सकाळ, दुपार, संध्याकाळ दहा-दहा मिनिटे झपाझप चालण्याने चोवीस तासांचा बीपी उतरला. एकाच वेळी अर्धा तास चालण्यापेक्षा हा परिणाम सरस होता. अभ्यासिकेतल्या मुलासाठी याहून सोयीचे काही नाही. फक्त त्या दहा मिनिटांचा मुक्काम टपरीवर नको. खर्र्यातल्या निकोटिनने बीपी तेवढ्यापुरता चढतोच. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू आणि व्यायाम वर्ज्य, पाच मिनिटे स्वस्थ बसणे, आणि मग दोनदा मोजणे, एवढे पाळले तरी निम्मे घोटाळे टळतात. आकडा १८०/११० च्या वर असेल, छातीत दुखत असेल किंवा घरात कोणी ऐन तारुण्यात अचानक गेले असेल, तर चालायला निघण्याआधी डॉक्टरांकडे जावे. चालू असलेली गोळी व्यायामाच्या भरवशावर आपल्या मनाने बंद करू नये.

मुलींचे काय, हा प्रश्न शेवटी राहतो आणि तो शेवटीच राहत आला आहे. नेहरू स्टेडियमवर किंवा पोस्टल मैदानावर पहाटे फिरणाऱ्यांत लग्न झालेल्या पंचविशीतल्या बायका किती दिसतात? पहाटेचा वेळ स्वयंपाकाचा, संध्याकाळी अंधार आणि रस्त्यावर दिवे नाहीत. त्यांच्यासाठी पुरावा तर सर्वांत भक्कम आहे. कॅनडातल्या मार्गी डेव्हनपोर्ट यांच्या गटाने २०१८ मध्ये दाखवले की गरोदरपणात मध्यम व्यायाम करणाऱ्या स्त्रियांत त्या काळातला रक्तदाबाचा आजार आणि त्याचे घातक रूप, दोन्हींची शक्यता सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी असते. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर चालणे थांबवायचे कारण नाही, हे सासूला आणि नवऱ्याला सांगणारे कोणी हवे. ते काम आशाताई आणि एएनएम यांच्याइतके चांगले कोणी करू शकणार नाही.

आणि आपल्या जिल्ह्याने स्वतःचा एक अभ्यास करायला हवा. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला तो झेपण्यासारखा आहे. अभ्यासिकेत बसणारी मुले, भरतीची तयारी सोडलेली मुले आणि दोन्ही गटांतली न चालणारी मुले तुलनेसाठी. बारा आठवडे नव्हे, एका जानेवारीपासून पुढच्या जानेवारीपर्यंत. बीपी चोवीस तासांच्या यंत्राने. आणि सहा महिन्यांनी ज्यांनी चालणे सोडले त्यांना वगळून न टाकता, ते का सोडले हे त्यांच्या घरी जाऊन विचारणारा. निवडलेल्यांत निम्म्या मुली असाव्यात.